कुत्र्याला रस्त्याचं आणि वाहनांचं भान शिकवता येतं का?

निशिगंध

मंडळी, कुत्र्याला रस्ता म्हणजे धोका हे खरोखर शिकवता येतं का, की आपण फक्त पट्टा घट्ट धरायचा?

आमची चिंगी गावठी आहे, साधारण दीड वर्षाची. दत्तक आणली तेव्हा ती मोठीच होती, त्यामुळे पिल्लूपणी तिने काय काय पाहिलंय ते कळायला मार्ग नाही. घरात अतिशय शहाणी. बाहेर पडलं की दुचाकीमागे लागते, त्यातही मोठ्या आवाजाची बुलेट असेल तर मला ओढत नेते. चारचाकीकडे मात्र ढुंकून बघत नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण गाडी समोरून येत असली तरी ही रस्त्याच्या मधोमध आरामात वास घेत उभी असते. आम्ही कोथरूडला राहतो. सोसायटीच्या फाटकाबाहेर लगेच रस्ता. फुटपाथ आहे, पण जागोजागी त्यावर गाड्या लावलेल्या.

घरात दोन मतं आहेत. सासरे म्हणतात, तिला शांत गल्लीत मोकळं सोड, दोनदा दचकली की आपली आपण शिकेल. मला ते पटत नाही, मी पट्टा काढणार नाही. पण कधी पट्टा हातातून सुटला, फाटक उघडं राहिलं, तर तिने रस्त्याच्या कडेला थांबावं एवढं तरी मला हवंय. ते शक्य आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

सह्यकडा

पट्टा सोडू नका. बाकी सगळं नंतर.

आबा_वाईकर

सूनबाई, सासऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आमच्या गावात कुत्री मोकळीच असायची. आमचा मोती बैलगाडीच्या आसाखालून मैलोन्मैल चालायचा, चाकाखाली कधी आला नाही. एसटीचा आवाज त्याला फाट्यावरून कळायचा, गाडी येईपर्यंत तो ओट्यावर चढून बसलेला असायचा. कुणी त्याला शिकवणी लावली नव्हती. जनावराला स्वतःच्या जिवाची काळजी असतेच. शहरात आपण त्यांना इतकं जपतो की ती अक्कल वापरायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

पाऊलवाट

आबा, तुमच्या मोतीबद्दल वाचून छान वाटलं. पण आपल्याला आठवतात ती जगलेली कुत्री. एका वेताला सहा-सात पिल्लं व्हायची, त्यातली वर्षभराने किती उरायची ते कुणी मोजत नव्हतं. आणि बैलगाडीचा वेग म्हणजे माणसाच्या चालीचा. आता त्याच वाईहून खाली हायवेला या, सहा पदरी रस्त्यावरून ट्रक आणि बस ज्या वेगाने जातात तिथे "दोनदा दचकून शिकेल" याला वावच नाही. पहिल्याच वेळी जीव जातो.

दादरकर

+१ पाऊलवाट.

निशिगंध, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसून भटकी कुत्री रस्ता कशी ओलांडतात ते नीट बघा. मी कित्येक वर्षं बघतोय. जुनी, थोराड कुत्री माणसांच्या घोळक्याबरोबर ओलांडतात. लोक थांबले की थांबतात, लोक निघाले की निघतात. तरुण कुत्री मात्र पलीकडे दुसरं कुत्रं दिसलं की सरळ सुटतात. म्हणजे शिकतात, पण शिकायला लागणारी वर्षं सगळ्यांना मिळत नाहीत.

पशुवैद्य_सांगली

माझ्या टेबलावर गाडीखाली आलेली कुत्री नेहमी येतात, त्यामुळे या विषयावर जरा मोठं लिहिते.

निशिगंध, गाडीचा वेग आणि अंतर यांचा हिशेब करून आता जायचं की नाही हे ठरवणं कुत्र्याला शिकवता येत नाही. शाळेत जाणाऱ्या लहान मुलांनाही ते धड जमत नाही. सिग्नलचा तर प्रश्नच नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळा कळतो, लाल-हिरव्यात त्याची गल्लत होते. हालचाल टिपण्यात तो आपल्यापेक्षा तरबेज, अंधुक उजेडातही त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण समोरून हेडलाइटचा झोत आला की डोळे दिपतातच. ऐकण्याचं म्हणाल तर आपली मजल सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंत, त्याची ४५ हजारांच्या आसपास. तरीही हॉर्न म्हणजे "बाजूला हो" हे त्याला उपजत कळत नाही. हॉर्नने तो फक्त दचकतो, आणि दचकलेलं जनावर कुठल्याही दिशेला पळतं. गाडीच्या दिशेलासुद्धा.

अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचं उदाहरण लोक देतात, म्हणून सांगते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला अशा कुत्र्यांची शाळा सुरू झाली. त्या कुत्र्यांच्या कामातही रस्ता केव्हा ओलांडायचा हे कुत्रा ठरवत नाही. माणूस वाहनांचा आवाज ऐकून ठरवतो. कुत्र्याचं काम दोन गोष्टींचं: कडेला आलो की थांबायचं, आणि "चल" म्हटल्यावरही गाडी येताना दिसली तर पाऊल उचलायचं नाही. पारखून निवडलेल्या, महिनोन्महिने तालीम घेतलेल्या कुत्र्याकडूनही अपेक्षा एवढीच.

आपल्या घरातल्या कुत्र्याला यातलं पहिलं काम नक्की शिकवता येतं. कड आली की थांबणं. ते अंगवळणी पडू शकतं, इतकं की तुमचं लक्ष नसतानाही ती थांबेल. पण समोर मांजर पळालं, फटाका वाजला, दुसरं कुत्रं भुंकलं तर ती सवय मोडू शकते. म्हणून थांबायला शिकवा, आणि पट्टाही ठेवा.

निशिगंध

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. एक शंका लगेच विचारते. कड म्हणजे कुठली? आमच्या रस्त्याला कडच नाही. फुटपाथ कुठे फुटाएवढा उंच, कुठे उतार करून रस्त्यात मिसळलेला, कुठे मध्येच खोदलेला. तिने नक्की कशावरून ओळखायचं?

टेकडीवाला

निशिगंध, हाच खरा कळीचा प्रश्न आहे. परदेशातल्या व्हिडिओंत सगळीकडे एकसारखी फुटपाथची पायरी असते, आपल्याकडे ती नसते, म्हणून बरेच लोक चार दिवस करून सोडून देतात. मी दत्तक दिलेल्या कुत्र्यांच्या घरच्यांना ही सवय लावायला मदत करतो, म्हणून माझी पद्धत लिहितो.

कुत्र्याला कड डोळ्यांइतकीच पायांना कळते. पेव्हर ब्लॉक संपून डांबर सुरू होतं तिथे पंजाखालचा स्पर्श बदलतो. सरकत्या फाटकाचा लोखंडी रूळ असतो. सोसायटीची फरशी संपून खडबडीत काँक्रीट लागतं. वास बदलतो, उन्हाळ्यात तापमानही बदलतं. तेव्हा सगळ्या रस्त्यांची एकच कड शोधत बसू नका. "पायाखालची जमीन बदलून डांबर लागलं की थांबायचं" ही एक गोष्ट शिकवा.

सुरुवात फाटकापासून, कारण पट्टा नसताना ती सुटण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. आतून चालत या आणि फाटकाच्या रुळाशी स्वतः थांबा. काही बोलू नका, पट्टा मागे खेचू नका. ती ओढेल, तुम्ही झाडासारखे उभे राहा. ज्या क्षणी पट्टा सैल पडेल किंवा ती मान वळवून तुमच्याकडे बघेल, त्या क्षणी खाऊ. तोही रुळाच्या अलीकडे, तुमच्या पायाशी. हे महत्त्वाचं आहे. खाऊ रस्त्याच्या बाजूला हात पुढे करून दिला तर ती रस्त्याच्या बाजूलाच सरकायला शिकते. मग निघायचा एक ठरलेला शब्द, आणि त्या शब्दाशिवाय कुणीही, कधीही, तिला घेऊन रूळ ओलांडायचा नाही. घरातला एक जण थांबवतोय आणि दुसरा फोनवर बोलत सरळ ओढून नेतोय असं झालं की सगळी मेहनत वाया.

तिथे जमलं की कोपऱ्यावरची पेव्हर ब्लॉकची कड. मग औषधाच्या दुकानासमोरची. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू होतं असं कुत्र्याला आपोआप कळत नाही, प्रत्येक नवी जागा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. वेगवेगळ्या आठ-दहा जागा झाल्या की मात्र बहुतेक कुत्री नवी कड दिसताच आपण होऊन थबकतात, आणि तो क्षण बघायला फार आनंद वाटतो.

सगळ्यात शेवटी मोहाची परीक्षा. बंद गल्लीत, पहाटे, हार्नेसला (छाती-खांद्याभोवती घालायच्या पट्ट्याला) दहा मीटरची लांब दोरी बांधून चेंडू कडेपलीकडे घरंगळू द्या. ती थांबली तर मोठं बक्षीस. धावली तर दोरी आहेच, आणि मग परीक्षा घाईने घेतली एवढंच समजायचं. मागच्या पायरीवर जा, ओरडू नका.

दादरकर

टेकडीवाला, पद्धत एक नंबर. आमच्या बंड्याला याच प्रकारे शिकवलंय, आता तो जमिनीवरची कुठलीही रेघ मानतो. दिवाळीत शेजाऱ्यांच्या दाराशी रांगोळी काढली होती, तर हा तिच्यासमोर बसला आणि "चल" म्हटल्याशिवाय हलेना. काकूंनी कौतुकाने त्याला चकली दिली.

मीठभाकर

माझे दोन पैसे: खाऊ साधा नको. रस्त्यावर बिस्किटाला कोण विचारतो! आमच्याकडे मांसाहार चालत नाही म्हणून पनीरचे अगदी बारीक तुकडे आणि कधी मनुका देतो. मनुका खिशात ठेवायलाही सोप्या.

पशुवैद्य_सांगली

मीठभाकर, मनुका आजपासून बंद करा, कृपया. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, काहींना अगदी थोड्याशाही बाधतात. चॉकलेट नको. शेंगदाण्याचं बटर विकतचं असेल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का बघा, तो गोडवा आणणारा पदार्थ कुत्र्यांसाठी विष आहे. पनीर उत्तम, उकडलेलं अंडं उत्तम, चालत असेल तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन.

मीठभाकर

बाप रे, हे अजिबात माहीत नव्हतं. बरं झालं विषय निघाला. धन्यवाद डॉक्टर.

नाशिकचा_दुचाकीस्वार

इथे कुणाला वाईट वाटेल, पण दुसरी बाजूही मांडतो. कुत्रं मागे लागल्यामुळे मी गाडीवरून पडलोय, खांद्यात प्लेट आहे. ते कुत्रं पाळीव होतं, गळ्यात पट्टा होता, मालक गेटमध्ये उभा राहून "काही करत नाही तो" म्हणत होता. कुत्र्याचा जीव महत्त्वाचा आहेच, पण चिंगी दुचाकीवर झेपावते तेव्हा दुचाकीवरच्या माणसाचाही जीव धोक्यात असतो. या धाग्यात तो अजून कुणाच्या बोलण्यात आला नाही.

निशिगंध

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि खांद्याबद्दल वाचून वाईट वाटलं. म्हणूनच हे मला सोडवायचंय.

पशुवैद्य_सांगली

दुचाकीमागे लागणं ही कड ओळखण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिचं कारण समजलं तर उपाय सोपा होतो.

वेगाने पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे. त्यात भीतीची भर. गर्जत येणारी वस्तू दिसली, मी भुंकलो, धावलो, आणि ती निघून गेली! दुचाकी तर जाणारच होती, पण कुत्र्याला वाटतं आपण पिटाळली. रोज, दर खेपेला, हमखास यश. इतकं खात्रीचं बक्षीस आपण कुठल्याच खाऊने देऊ शकत नाही. म्हणून ओरडून, फटका मारून हे थांबत नाही. उलट दुचाकी आली की मार बसतो असं समीकरण झालं तर दुचाकीचा राग आणखी वाढतो.

उपाय अंतराचा. तिला दुचाकी दिसते, पण ती अजून भान हरपत नाही, अशा अंतरावर उभं राहा. मैदानाचा लांबचा कोपरा, टेकडीच्या पायथ्याची पायरी, असं काही. दुचाकी दिसली की लगेच खाऊ. दिसेनाशी झाली की खाऊ बंद. काही दिवसांनी दुचाकी दिसताच ती तुमच्याकडे वळून बघेल. तसं झालं की चार पावलं जवळ. भुंकायला लागली, खाऊ घेईनाशी झाली, तर आपण फार जवळ आलोय, मागे जायचं. चिकाटीचं काम आहे, महिने लागू शकतात. तोवर गर्दीच्या वेळी तिला त्या रस्त्याने नेऊच नका, कारण एकेक यशस्वी पाठलाग आपल्याला मागे ढकलतो.

दुचाकीस्वार, तुमच्यासाठीही: कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका, लाथ झाडू नका, तोल त्यानेच जातो. वेग कमी केला की पाठलागातली मजा संपते आणि बरीच कुत्री तिथेच सोडून देतात.

लातूरकर

डॉक्टर म्हणतायत ते बरोबर हाय, पण आमच्याकडच्या कारवानाला यातलं निम्मं लागू पडत न्हाई. ही शिकारी जात, नजरेनं शिकार हेरून धावणारी. लांब शिवारात ससा हलला की कान बंद. किती बी हाका मारा. आणि एकदा सुटला की तुमच्या हाकेचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो रस्त्यापल्याड असतो.

दुसरी गोष्ट, साधा पट्टा कारवान, पश्मी, मुधोळ यांच्या गळ्यात टिकत न्हाई. मान जाड, डोकं निमुळतं. मागं सरकून मान आखडली की पट्टा कानावरून अलगद निघतो. त्यांच्यासाठी ओढला की थोडा आवळणारा रुंद पट्टा मिळतो, मार्टिंगेल म्हणतात, तोच घ्या, आणि वरून हार्नेस. ह्यांना मोकळं धावायला लागतंच, पण ते कुंपण असलेल्या रानात. सडकेच्या कडंला कधीच न्हाई.

टेकडीवाला

लातूरकर, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. गावठी कुत्रीही घाबरली की अशीच मागे सरकून पट्ट्यातून निसटतात. नव्या दत्तक कुत्र्याला पहिले काही महिने हार्नेस आणि पट्टा दोन्ही घालून, दोन्हीला दोरी अडकवून न्या.

आणि तो बटण दाबून लांब-आखूड होणारा दोरीचा डबा रस्त्यावर नको. कुत्रं पाच मीटर पुढे, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून बाहेर निघालेलं, चालकाला दिसत नाही. त्यातून डबा हातातून निसटला तर तो खडखडत कुत्र्याच्या मागेमागे येतो, आणि ते बिचारं त्याच्याच भीतीने आणखी जोरात पळतं. साधी, दीड-दोन मीटरची, जाड कापडी दोरी घ्या. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, म्हणजे आपल्याकडे उजव्या कडेने, आणि कुत्रं वाहनांपासून दूरच्या बाजूला, तुमच्या उजवीकडे.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते. इथे नीडरझाक्सन राज्यात जुलै २०१३ पासून नियम आहे: पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्याने कुत्रा घेण्याआधी लेखी परीक्षा द्यायची आणि पहिल्या वर्षात कुत्र्यासोबत प्रात्यक्षिक. परीक्षा मालकाची आहे, हे मला फार आवडतं. याशिवाय बेगलाइटहुंड नावाची ऐच्छिक परीक्षा असते. तिचा एक भाग खऱ्या रस्त्यावर होतो. सायकल शेजारून जाते, धावणारा माणूस जातो, गाडी येऊन थांबते, आणि कुत्र्याने शांत राहायचं.

आणखी एक. इथे २०२१ पासून नव्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज काढणं बंधनकारक आहे, कारण त्या येताना ऐकूच येत नाहीत. माझा कुत्रा आवाजाच्या भरवशावर वळून बघायचा, तर अशा गाड्यांचं त्याला भानच राहायचं नाही. पुण्यात विजेच्या स्कूटर भरपूर दिसल्या, तेव्हा हे लक्षात असू द्या.

यॉर्कशायरी

राईनकाठ, इंग्लंडमधलं सांगते. इथल्या हायवे कोडच्या, म्हणजे रस्ता वापरण्याच्या सरकारी नियमावलीच्या, ५६ व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की कुत्र्याला रस्त्यावर एकटं सोडू नका आणि फुटपाथवर, रस्त्यावर चालताना पट्टा आखूड ठेवा. गाडीची धडक कुत्र्याला बसली तर चालकाने थांबलं पाहिजे आणि आपली माहिती दिली पाहिजे, ते जमलं नाही तर पोलिसांना कळवलं पाहिजे. इथल्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याचं कलम १७०. त्यात घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा अशी यादी आहे. मांजर नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सह्यकडा

आपल्याकडे धडक देऊन जाणाऱ्याला काही होतं का?

वकिलीणबाई

सह्यकडा, थोडक्यात सांगते. मुद्दाम जनावराला मारणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. पण अपघाताने धडक बसली तर मामला अवघड. भटकं कुत्रं गाडीखाली आल्यावर एका तरुण चालकावर बेदरकारपणे वाहन चालवल्याची कलमं लावली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केली. ती कलमं माणसाच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दल आहेत, असं न्यायालयाचं म्हणणं.

आणि पाळीव कुत्र्याच्या मालकांनी हेही वाचावं: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हाही गुन्हा आहे, कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाशिकच्या सदस्यांचा अनुभव याच्यात मोडू शकतो.

गोंयची_माय

अवांतर आहे, पण राहवत नाही. भटक्यांसाठीही काही लिहा ना. पावसात ती कोरड्या जागेसाठी गाडीखाली शिरतात. रतन टाटांनी २०२३ च्या पावसाळ्यात लोकांना कळकळीने सांगितलं होतं, गाडी चालू करण्याआधी खाली वाकून बघा. मी तेव्हापासून बोनेटवर थाप मारल्याशिवाय गाडी काढत नाही. आमच्या वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना आम्ही रात्री चमकणारे पट्टे बांधलेत. वळणावर लांबूनच दिसतात.

बंबात_जाळ

भटक्यांना खायला रस्त्यावर घालणारेच खरे दोषी. त्यांच्यामुळे कुत्री रस्त्यावर जमतात आणि

प्रशासक

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. भटक्या कुत्र्यांच्या धोरणावर स्वतंत्र धागा चालू आहे, तिथे लिहावं. इथे रस्त्यावरची सुरक्षितता एवढाच विषय.

पाऊलवाट

प्रशासक, विषयाला धरून एकच वाक्य चालेल का? खायला घालायचंच असेल तर रस्त्याच्या एकाच बाजूला, गल्लीच्या आतल्या अंगाला घाला. पलीकडे डबा वाजला की अलीकडची कुत्री मध्ये काही न बघता धावतात. आणि नसबंदी करून घ्या. नराची भटकंती त्याने बरीच कमी होते, म्हणजे रस्ते ओलांडणंही.

मुलुंडची_मंजिरी

गाडीतून उतरण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर मी नेहमी बघते, दार उघडलं की कुत्रं उडी मारून बाहेर, आणि आजूबाजूला मागे येणाऱ्या गाड्याच गाड्या. आमच्याकडे नियम आहे: आधी इंजिन बंद, मग आतल्या आत पट्टा अडकवायचा, मग दार उघडायचं, मग "थांब", आणि मग उतरायचं. दार उघडलं म्हणजे बाहेर पडायचं नाही हे घराच्या दाराशी शिकवलं की गाडीतही जमतं.

पशुवैद्य_सांगली

मंजिरी, उत्तम मुद्दा. आता जे कुणावर येऊ नये ते लिहिते, कारण त्या क्षणी सुचत नाही.

कुत्र्याला धडक बसली तर आधी रहदारी थांबवायला कुणाला तरी उभं करा, तुमचा जीव घालवू नका. वेदनेत स्वतःचं कुत्रंही चावतं, म्हणून ओढणी किंवा पट्ट्याची दोरी तोंडाभोवती सैलसर बांधा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, उलटी होत असेल, तर मात्र तोंड बांधू नका. पाय धरून उचलू नका. फळी, पुठ्ठा, ताणून धरलेली चादर, काहीही चालेल, त्यावर सरकवून घ्या. हिरड्या बघा: गुलाबी ठीक, पांढरट म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा.

आणि कृपा करून माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला घातक ठरतात.

उठून चालायला लागला तरी दवाखान्यात न्या. छातीत हवा साठणं, पोटाचा पडदा फाटणं, मूत्राशय फुटणं, हे काही तासांनी लक्षात येतं. चालत घरी गेलेली आणि रात्री दगावलेली कुत्री मी पाहिली आहेत. रात्री चालू असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घाला. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच.

मीठभाकर

वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय.

आबा_वाईकर

सगळं वाचलं. डॉक्टरांनी हिरड्यांचं लिहिलंय ते पूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आमच्या आळीतलं एक कुत्रं असंच गेलं. पाऊलवाट, तुमचा मुद्दा पटला. गावाजवळून हायवे रुंद झाल्यापासून तिथलीही कुत्री कमी झाली आहेत. निशिगंध, सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवा, पण त्यांना फाटकावरचा सराव करायला द्या. म्हाताऱ्या माणसाला चिकाटी असते आणि वेळही असतो.

निशिगंध

आबा, तुमचा सल्ला मनावर घेतला! बरेच दिवसांनी लिहितेय, कारण काहीतरी सांगण्यासारखं व्हायची वाट बघत होते.

फाटकाचा रूळ चिंगीला पक्का झालाय. वॉचमनकाकाही तिला "चल" म्हटल्याशिवाय सोडत नाहीत, त्यांनाही शिकवलं. पेव्हर ब्लॉकच्या कडेला ती बहुतेक वेळा थांबते, पण जिथे उतार करून डांबर चढवलंय तिथे अजून गोंधळते. तिथे मी स्वतः थांबते. बुलेटचं काम चालू आहे. मैदानाच्या कोपऱ्यातून ती आता बुलेट बघते आणि माझ्याकडे वळते, रस्त्यावर जवळून गेली तर अजून झेपावते. डॉक्टर म्हणाल्या तसं गर्दीच्या वेळी त्या रस्त्याने जाणं बंद केलंय, पहाटे आणि रात्री उशिरा नेतो.

तर माझ्या मूळ प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर: थांबायला शिकवता येतं, ओलांडायला शिकवता येत नाही. ओलांडणं कायम माझ्याकडे. दिवाळी जवळ आली आहे, त्या दिवसांत काय करू तेवढं सांगा.

टेकडीवाला

खूप छान! दिवाळीत कुठल्याच शिकवणीवर विसंबू नका. फटाक्याने बिथरलेल्या कुत्र्याला कड, हाक, खाऊ काहीच कळत नाही. उजेड असताना, फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणा, हार्नेस आणि पट्टा दोन्हीसह. पाहुणे येतात, दार सारखं उघडतं, तेव्हा तिला आतल्या खोलीत दार लावून ठेवा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आणि शक्य असेल तर कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप. महानगरपालिकेचा परवाना काढला नसेल तर तोही काढून घ्या.

उंबरठा

धागा उशिरा पाहिला. आमचा शेरू तेरा वर्षांचा आहे, आता ऐकू येत नाही. त्याला कड लहानपणापासून माहीत होती, पण हल्ली तो थांबल्यासारखं करून तसाच पुढे जातो. या वयात पुन्हा शिकवता येईल का?

पशुवैद्य_सांगली

येईल. आवाजाच्या जागी स्पर्श आणि हाताची खूण वापरा. कडेला आलात की त्याच्या छातीवर हलकेच तळहात टेकवा, तो थांबला की खाऊ, मग डोळ्यांसमोर हाताने पुढे चलायची खूण. ऐकू येत नसलेली कुत्री खुणा फार लवकर उचलतात. पण त्याआधी डोळे तपासून घ्या. थांबल्यासारखं करून पुढे जातो म्हणजे त्याला कड नीट दिसत नसण्याची शक्यता आहे. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळचं फिरणं उजेडात आणा, आणि पट्टा एका हाताच्या अंतरावर ठेवा.